तू कुठं अडलीस?

सोलापूर
मंगळवार, रात्री उशिरा

प्रिय मुली,

रविवारी तू आलीस तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. एप्रिलात सोलापुरात त्या वेळी रस्त्यावर दिसणारा माणूस एकतर लग्नाला निघालेला असतो, नाहीतर पीएच.डी. करत असतो. तू घामाघूम होऊन, कवितेचा अर्थ घडवण्यातल्या वाचकाच्या भूमिकेवरच्या तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण माझ्या टेबलावर ठेवलंस, ताक प्यालीस, तासभर कॉन्स्टन्स विद्यापीठातल्या वाचककेंद्री जर्मन समीक्षक मंडळींवर बोललीस. चांगलं बोललीस, ते कबूल. मग उठलीस आणि चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मॅडम, सिद्धान्त सगळा कळतो. पण कविता वाचताना मला काहीच होत नाही. माझा विषय चुकला का?"

मी "बघू" म्हटलं. दार लावून आत आले आणि स्वतःवरच चिडले. एकतीस वर्षं शिकवून एका मुलीच्या खऱ्या प्रश्नाला "बघू"!

तुझं प्रकरण दोनदा वाचलं, हातात पेन्सिल घेऊन. पहिल्या 40 पानांत 'वाचक' हा शब्द 93 वेळा आलाय. अभिप्रेत वाचक, आदर्श वाचक, सुजाण वाचक, प्रतिरोधी वाचक. गड्ड्याच्या जत्रेइतकी गर्दी आहे, आणि त्या गर्दीत पुस्तक उघडून बसलेला माणूस एकही नाही. प्लेजरिझमचा रिपोर्ट तू अभिमानानं वर लावलायस. कुणाची चोरी केलेली नाहीस हे त्या यंत्रानं सांगितलं. प्रकरणात तूही नाहीस हे मात्र त्याला कळलं नाही.

तू हुशार आहेस, सगळं नीट होईल, असलं काही मी लिहिणार नाही. त्यासाठी तुला मावशी आहे. मला एकच गोष्ट सांगायचीय आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, तू कंटाळलीस तरी. वाचताना जिथं अडतेस तिथं थांब आणि कुठं अडलीस ते लिहून ठेव. का अडलीस ते नंतर बघू. सिद्धान्त त्याच्याही नंतर.

हे मी पुस्तकातून शिकलेली नाही. आम्ही पूर्व भागात भाड्यानं राहायचो. वडील गिरणीत कारकून. गल्लीतली बहुतेक घरं तेलुगू बोलणारी. पुरुष मागावर, बायका विड्या वळायला. दुपारी चार-पाच जणी मांडीवर सुपं घेऊन आमच्या ओट्यावर सावलीला बसायच्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. हजार झाल्या की दिवस भरला. मी सहावी-सातवीत असेन. आई वाचनालयातून मासिकं आणायची आणि मी ती त्यांना वाचून दाखवायची, कारण वाचून दाखवलं की कुणीतरी शेंगदाण्याचा लाडू द्यायचं. त्यांच्यात एक अक्का होती. तिला मराठी बोलता यायचं, वाचता कुठलीच भाषा यायची नाही.

एका गोष्टीत नवराबायकोचं भांडण होतं आणि शेवटी एवढंच वाक्य: 'तिनं दार ओढून घेतलं.' गोष्ट संपली. मी मासिक मिटलं. अक्काचा हात थांबला. हजार विड्यांच्या हिशेबात हात थांबणं परवडत नाही, बरं का.

"थांब की गं. परत वाच ते."

मी परत वाचलं.

"आतनं का भायरनं?"

मला प्रश्नच कळला नाही. तिनं समजावलं: दार ओढून घेतलं ते आत राहून, का बाहेर पडून? राहिली का गेली? मी मासिक मागंपुढं चाळलं. लिहिलेलं नव्हतं. मग दोन दिवस ओट्यावर तोच वाद. एक म्हणाली, पोरं टाकून जाईल कुठं? दुसरी म्हणाली, गोष्टीत पोरांचं नावच नाही, तू कुठनं आणलीस? अक्कानं मला विचारलं, "चप्पल घातली असं लिवलंय का बघ." मी बघितलं. नव्हतं. "मग आतनं," ती म्हणाली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. तिसऱ्या दिवशीही सूप मांडीवर घेताना तिनं मला विचारलंच, "चप्पल न्हवतीच ना?"

पुढं पंधरा-वीस वर्षांनी त्या कॉन्स्टन्सच्या मंडळींतला वोल्फगांग इझर माझ्या हातात आला. 1970 च्या आसपास हा माणूस कॉन्स्टन्समध्ये सांगत होता, की संहितेत, म्हणजे लिहिलेल्या मजकुरात, काही जागा मोकळ्या असतात, त्या वाचकानं भरायच्या असतात, आणि साहित्यकृती ना नुसती कागदावर असते ना नुसती वाचकाच्या डोक्यात. दोघांच्या मध्ये ती घडते. मी पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. मला तो ओटा दिसत होता. हेच वाक्य तू तुझ्या प्रकरणात 'रिक्त स्थाने' या मथळ्याखाली तीन पानं ताणलंयस आणि एकही रिक्त जागा बोट ठेवून दाखवलेली नाहीस! इझरचा अभिप्रेत वाचक हा हाडामांसाचा माणूस नसतो, संहितेनं आखून ठेवलेली ती एक जागा असते, हे तू अचूक लिहिलंयस. पण त्या जागेवर कुणीतरी येऊन बसावं लागतं ना? त्या दुपारी अक्का बसली होती. अक्षरं मला येत होती आणि वाचत ती होती. मी नुसता आवाज होते. हे तुझ्या प्रकरणात कुठं बसतं ते बघ. बसत नसेल तर प्रकरण सैल कर.

जाता जाता एक. लुईस रोझेनब्लाट ही अमेरिकन समीक्षक तू तळटीपेत टाकलीस. ही बाई 1938 मध्ये लिहीत होती, की कविता ही वस्तू नसते, वाचणारा आणि छापील शब्द एकत्र आले की ती घडते. इझरच्या तीस वर्षं आधी. शाळा-कॉलेजात शिकवणाऱ्यांसाठी लिहिलं म्हणून सिद्धान्तवाल्यांच्या पंगतीत तिला पाट उशिरा मिळाला. तिला तळटीपेतून वर काढ. हा माझा हट्ट समज.

आता 'औदुंबर'. तुझ्या प्रकरणाचा कणा तोच आहे, आणि माझ्या गळ्यातलं लोढणंही तेच.

बालकवींच्या त्या आठ ओळींवर मराठीत जेवढं लिहिलं गेलंय तेवढं क्वचितच कुठल्या आठ ओळींवर लिहिलं गेलं असेल. कुणाला त्या झाडात विरक्त योगी दिसला, कुणाला मृत्यूची सावली, कुणी म्हणालं की हे निव्वळ निसर्गचित्र आहे, उगाच प्रतीकं शोधू नका. तू ही सगळी मतं कालक्रमानं लावलीस आणि निष्कर्ष काढलास: 'यावरून अर्थनिर्मितीतील वाचकाची भूमिका स्पष्ट होते.' अगं, काय स्पष्ट होतं? मतं अनेक आहेत एवढंच. ती मतं कवितेतल्या कुठल्या शब्दाशी अडून तयार झाली, ते एकदा तरी विचारलंस का?

बी.ए. भाग दोनचा वर्ग. मी 'औदुंबर' शिकवत होते, म्हणजे नोट्स सांगत होते. शेवटची ओळ वाचली: 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.' मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. घरी तेलुगू, मराठी गल्लीत आणि शाळेत कानावर पडून शिकलेलं. म्हणाला, "मॅडम, तो बसलाय का बसला असेल?" मी म्हटलं, म्हणजे? तो म्हणाला, "'बसला असला' म्हणजे नक्की नाही ना? 'तो घरी गेला असला तर' म्हणतो, तसं." वर्ग हसला. मी म्हटलं, "'असला' म्हणजे 'असा'. खाली बस. पुढं लिहा: हे झाड विरक्तीचे प्रतीक आहे."

तो खाली बसला. पुन्हा कधी उठला नाही.

आठ-दहा वर्षांनी लक्ष्मी मंडईत मी मेथी निवडत होते आणि बाजूला एक भाजीवाली दुसरीला म्हणाली, "असला कसला गं तो!" माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. 'असा' आणि 'असला' एक नाहीत. 'असा माणूस' म्हणताना आपण नुसतं दाखवतो; 'असला माणूस' म्हणताना आपण त्याच्याकडे काहीतरी नजरेनं बघतो. कधी हेटाळणी, कधी नवल, कधी लाडही. त्या कवितेत तोवर कुणी बोललेलं नाही. झरा वाहतो, गाव चिमुकलं, पायवाट पांढरी. सगळं दुरून, शांतपणे दाखवलेलं. आणि अगदी शेवटच्या ओळीत, 'असला' म्हटल्याबरोबर, कुणीतरी माणूस तिथं उभा असल्याचं कळतं. तो झाडाकडे बघतोय, आणि कुठल्या नजरेनं बघतोय ते कळत नाही. योगी, मृत्यू, नुसतं झाड ही सगळी भांडणं त्या एका शब्दाच्या खिंडीतून जातात. आणि त्या खिंडीत उभं राहून पोरानं हात वर केला होता.

त्याचं व्याकरण बरोबर होतं असं मी म्हणत नाही. 'बसला असला' हे त्यानं लावलं तसं लावायचं तर पुढं 'तर' किंवा 'तरी' हवं, ते कवितेत नाही. उत्तर टिकत नाही. पण अडला तो नेमक्या जागी अडला, आणि तो अडला कारण मराठी त्याच्यासाठी गुळगुळीत झालेली नव्हती. माझ्यासाठी झाली होती. मी त्या शब्दावरून शंभरदा घसरून गेले होते आणि त्या घसरण्याला शिकवणं म्हणत होते.

म्हणून सांगते, जिथं अडतेस तिथं थांब, आणि त्या जागेपाशी काहीतरी खूण कर.

तू म्हणशील, मॅडम, मग तुम्ही नोट्स का देत होतात? वर्गात 110 मुलं असायची. निम्मी पहाटे उठून कांड्या भरून, दूध घालून, पेपर टाकून आलेली. घरी वहीसाठीसुद्धा जागा नाही. त्यांना परीक्षेत प्रश्न येणार: 'औदुंबर या कवितेतील प्रतीकात्मकता स्पष्ट करा', दहा गुण. त्यांच्यापुढं मी 'असला'वर तास घालवला असता आणि त्यांचे दहा गुण गेले असते, तर ते वाचकाचं स्वातंत्र्य कुणाच्या कामाचं होतं? माझ्या नोट्सवर पास झालेली मुलं आज शिक्षक आहेत, तलाठी आहेत, एक तर माझ्याच पेन्शनची फाइल हलवायला उपयोगी पडला. हे मी स्वतःचं समर्थन करतेय, मला दिसतंय. पण अगदीच खोटंही नाही ते. तरी त्या पोराला "खाली बस" म्हणायची गरज नव्हती. "उद्या बोलू" म्हणायला अर्धं मिनिट लागलं असतं. एवढंच मला 110 च्या आकड्यामागं लपवता येत नाही.

आता तुझ्या डोक्यात येणारी शंका. म्हणजे ज्याला जे वाटेल तो अर्थ? नाही. अजिबात नाही. इथंच वाचककेंद्री म्हणवणारी निम्मी मंडळी घसरतात. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थनं 1967 मध्ये लेखकाच्या मृत्यूची बातमी दिली, म्हणजे अर्थावर लेखकाची मालकी नाही असं सांगितलं, तेव्हापासून आपल्याकडे चर्चासत्रांत ती सुतकासारखी पाळतात आणि तेराव्याला जेवल्यासारखे हवे ते अर्थ वाढून घेतात. अडणं वेगळं आणि आठवणं वेगळं, हे नीट बघ. 'औदुंबर'मधलं 'काळ्या डोहाकडे' वाचून तुला आजोळची विहीर आठवली, तर ती तुझी आठवण आहे. मोलाची असेल, पण तिला कवितेची गरज नव्हती, कॅलेंडरवरच्या चित्रानंही ती आली असती. 'गरदी', 'अडवी तिडवी', 'असला' अशा शब्दापाशी तुझं पाऊल थबकलं, तर तिथं कवितेनं तुला धरलंय. विमसॅट आणि बिअर्ड्सली या अमेरिकन जोडीनं 1949 मध्ये जो भावनिक परिणामाचा दोष सांगितला, म्हणजे कविता तिनं वाचकाला काय वाटलं यावरून जोखण्याची चूक, तो पहिल्या प्रकाराला लागू पडतो. दुसऱ्याला नाही. तू त्यांना एका परिच्छेदात खलनायक करून मोकळी झालीस. ते तुझ्याच उपयोगाचे होते गं.

माझीही खोड सांगते. त्या दाराचं मला नोकरीत असताना 'बाहेरनं' वाटायचं, हल्ली 'आतनं' वाटतं. याचं कारण त्या गोष्टीत कुठंही नाही, ते माझ्या वयात आहे. तेव्हा हे वाचन म्हणून कुणी माझ्याकडून घेऊ नये. अक्काचा चपलेचा प्रश्न मात्र घ्यावा. तो संहितेला विचारलेला होता.

अमेरिकन समीक्षक स्टॅन्ली फिशची गंमत तू उद्धृत केलीस. 1971 चा उन्हाळा, अमेरिकेतल्या बफेलोचा वर्ग. फळ्यावर आधीच्या तासाच्या भाषावैज्ञानिकांच्या नावांची यादी तशीच राहिलेली. त्यानं तिच्याभोवती चौकट काढली, वर पान क्रमांक टाकला आणि पुढच्या तासाच्या मुलांना सांगितलं, ही एक धार्मिक कविता आहे. मुलांनी तिचा सुरेख अर्थ लावून दाखवला. यावरून तू लिहितेस, 'अर्थ वाचकसमुदाय घडवतो.' फिश तेच म्हणतो, ठीक. पण मला त्या वर्गातली दुसरीच गोष्ट दिसते. त्यांतलं कुणीच अडलं नाही. 'सर, ही नावं वाटतात' असं म्हणायला एकही हात वर झाला नाही. समुदाय जेवढा तयारीचा तेवढा तो न अडता पुढं जातो. माझा 110 जणांचा वर्गही तसाच तयारीचा होता, मीच तयार केला होता. मागच्या बाकावरचा तेवढा समुदायाबाहेरचा.

आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकानं फिशच्या कितीतरी आधी केंब्रिजमध्ये मुलांना कवींची नावं झाकून कविता दिल्या आणि त्यांनी लिहिलेले कागद गोळा केले. 1929 च्या त्याच्या पुस्तकात तेरा कवितांवरचे ते कागद आहेत. नावाजलेल्या कवितांना नावं ठेवली, सुमारांना डोक्यावर घेतलं, साधा वाच्यार्थसुद्धा अनेकांना लागला नाही. त्याचे निष्कर्ष बाजूला ठेव. त्यानं कागद गोळा केले, हे बघ. तू असं का करत नाहीस? तुझ्या हाताशी एक सबंध शहर आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू घरात बोलणारी आणि मराठी कविता वाचणारी माणसं एका रिक्षाच्या अंतरावर राहतात. आठ ओळी दे, पेन्सिल दे आणि एवढंच सांग: जिथं अडाल तिथं खूण करा. अर्थ विचारू नकोस. अर्थ विचारला की माणसं परीक्षेला बसल्यासारखी बोलतात. पंचवीस कागद जमले की तुझ्या त्या 93 वाचकांपेक्षा ते वजनदार होतील.

तू संस्कृतकडे वळलीस याचा आनंद झाला, पण तिथंही तू पाटी लावून निघून गेलीस. 'सहृदय म्हणजे वाचक.' इतकं सोपं नाही ते. अभिनवगुप्त 'ध्वन्यालोका'वरच्या 'लोचन' या टीकेत सांगतो, काव्याच्या अनुशीलनानं, अभ्यासानं ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झालाय, ते सहृदय. अनुशीलन म्हणजे पुन्हा पुन्हा घासणं. आपल्याकडे सहृदय जन्माला येत नाही, त्याला मेहनत करावी लागते. 'मला काहीच होत नाही' म्हणून तू रडवेली झालीस, कारण तुला वाटतं की कविता वाचली की अंगावर काटा यायला हवा. तो कुणाकुणाला येतो. मला क्वचित आला. मी आरसा घासत राहिले.

याच अभिनवगुप्तानं रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितलीत. स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणं हे त्यांतलं एक. मघाची आजोळची विहीर इथं येते. संशय हे आणखी एक. आणि इथं माझं त्याच्याशी भांडण आहे. हसू नकोस, म्हाताऱ्या बाईला हजार वर्षांपूर्वीच्या काश्मिरी पंडिताशी भांडायला कुणाची परवानगी लागत नाही. संशय हे विघ्न खरं, पण ते नाटकापुरतं. तो 'नाट्यशास्त्रा'वर भाष्य करताना हे सांगतोय. नाटकात तू एका वाक्याशी अडलीस की पुढची चार निसटली. नट थांबत नाही. पुस्तक थांबतं. डोळा मागं जाऊ शकतो, बोट ठेवता येतं. जे प्रेक्षकाचं विघ्न, तेच वाचकाचं हत्यार. अक्का तर ऐकणारी होती, पण तिनं नटालाच थांबवलं: परत वाच ते. हे मला माझ्या प्रबंधात लिहायचं होतं.

लिहिलं नाही. माझा प्रबंध 412 पानांचा आहे, काळ्या रेक्झीनमध्ये बांधलेला, वर सोनेरी अक्षरं. त्यात सगळे आहेत, भरतापासून बार्थपर्यंत. अक्का नाही, मागच्या बाकावरचा मुलगा नाही, मी नाही. अक्काचं पान मी लिहिलं होतं, खरंच लिहिलं होतं. माझ्या गाईडनी त्यावर लाल शाईनं 'संदर्भ?' एवढं लिहिलं. मी वाद घालू शकले असते. मुलगा लहान होता, बढती अडली होती, व्हायव्हा व्हायचा होता. पान काढून टाकलं. कुठं ठेवलं तेही आठवत नाही. डिग्री मिळाली, पेढे वाटले, आणि त्यानंतर तो प्रबंध मी एकदाही उघडला नाही. एकदा पाहुण्यांच्या लहान मुलाला टेबल उंच पडलं तेव्हा बूड टेकायला दिला होता.

तुझे गाईड 'स्वतःचं मत नको, संदर्भ द्या' म्हणतात, हे तू दोनदा सांगितलंस. त्यांचं अगदीच चूक नाही. 'मला वाटतं' असं लिहिलंस तर ते खोडणारच, मीही खोडलं असतं. 'सातव्या ओळीतल्या या शब्दाशी पाचांपैकी तीन वाचक थांबले, कारण तो शब्द एरवी ज्यांच्या शेजारी येतो ते शब्द वेगळे आहेत', असं लिहिलंस तर त्यांना ते मत म्हणता येणार नाही. ती नोंद आहे. हान्स रोबर्ट याउसनं 1967 मध्ये कॉन्स्टन्सच्या व्याख्यानात अपेक्षांच्या क्षितिजाची, म्हणजे वाचक आधीच मनात घेऊन येतो त्या अपेक्षांची, जी गोष्ट केली तिला अशाच नोंदींचं खत लागतं. नाहीतर क्षितिज म्हणजे नुसती दूरची रेघ. भांडायचंच असेल तर नोंदी हातात घेऊन भांड. मी रिकाम्या हातानं गेले आणि गप्प बसून परत आले.

आणि घाई करू नकोस. ज्ञानेश्वरांनी पहिल्याच अध्यायात श्रोत्यांना अट घातलीय: 'तियापरी श्रोतां अनुभवावी हे कथा, अति हळुवारपण चित्ता आणूनियां.' चकोराची पिल्लं चांदण्यातले कोवळे अमृतकण वेचतात, त्या परीनं. आठशे पानं वाचून टाकली म्हणून परवा तू मला हिशेब दिलास. त्यापेक्षा आठ ओळींत आठ वेळा अडली असतीस तर मी तुला आमरस वाढला असता.

आता तुझ्या प्रश्नाकडे. विषय चुकला का? मी तुझ्या प्रकरणाच्या मागं जोडलेली 'औदुंबर'ची झेरॉक्स काल रात्री दिव्याखाली धरली. चष्मा बदलून, तिरकी करून. सातव्या ओळीत, 'झाकळुनी जळ गोड काळिमा', तिथं 'गोड'च्या डोक्यावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलेलं आहे आणि नंतर खोडलेलं आहे. कागदावर दाब राहिलाय. बोट फिरवलं तर लागतो.

ज्या मुलीला काहीच होत नाही तिनं ते का काढलं? आणि काढल्यावर कुणाच्या भीतीनं खोडलं? काळिमा आपण लावतो, फासतो. त्याला कुणी गोड म्हणतं का? प्रकरणाच्या साठ पानांत या प्रश्नचिन्हाबद्दल एक ओळ नाही. बाकी सगळं आहे.

रविवारी ये. दहाच्या आत ये, ऊन चढायच्या आधी. प्रकरण आणू नकोस, लॅपटॉपही नको. झेरॉक्स माझ्याकडेच राहू दे, आपण तिच्यावरच बसू. येताना नव्या पेठेतून दोन मऊ शिशाच्या पेन्सिली आण, माझी संपत आलीय. खोडरबर आणू नकोस.

तुझी,
मॅडम